सीओपीडी असलेल्या रुग्णाच्या कफात जिवाणू सापडले, तर आजार जिवाणूंमुळे झाला असे समजावे का?

तुमच्या वडिलांच्या कफाच्या अहवालात ‘हिमोफिलस इन्फ्लुएंझा’ हे जिवाणूचे नाव आले आणि आजाराचे मूळ तेच असावे, अशी शंका तुम्ही विचारली आहे. मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत बरीच वर्षे कफाचे नमुने तपासले, त्या आधारावर लिहितो.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. त्याची सुरुवात बहुधा धुरापासून होते, मग तो विडीचा असो वा चुलीचा. धुरामुळे श्वासनलिकांतील केसांसारखे सूक्ष्म तंतू निकामी होतात, कफ वर ढकलला जात नाही आणि साचलेल्या कफात जिवाणूंना आयते घर मिळते. त्यांचा नाश करायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी विकरे (एन्झाइम) सोडतात, ती नलिकांच्या भिंतींनाही इजा करतात, आणि त्यामुळे कफ आणखी साचतो. हे दुष्टचक्र संशोधक पीटर कोल यांनी १९८६ साली ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या विकाराच्या संदर्भात मांडले. आपल्याकडे तो क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेला पुष्कळ दिसतो. म्हणजे जिवाणू नंतर येतात, पण आल्यावर नुसते बसून राहत नाहीत.

तरीही अहवालात नाव आले म्हणजे ताजा संसर्ग झालाच, असे नव्हे. प्रकृती स्थिर असतानाही अनेक रुग्णांच्या कफात हेच जिवाणू वाढतात. संशोधक संजय सेठी व सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, त्याच जिवाणूचा नवा वाण (उपप्रकार) शिरला की आजार उसळण्याचा धोका वाढतो. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, मात्र जुना आणि नवा वाण सारखाच दिसतो. म्हणून दम वाढणे, कफ वाढणे आणि कफ पुवासारखा होणे, ही १९८७ सालच्या अँथोनिसेन यांच्या अभ्यासातली तीन लक्षणे आजही उपयोगी पडतात. तिन्ही एकत्र असतील तेव्हा प्रतिजैविकांचा लाभ अधिक होतो. एरवी विषाणू किंवा प्रदूषण हेही कारण असू शकते. कफाचा हिरवा रंग मुख्यतः पांढऱ्या पेशींतील विकराचा असतो.

नमुन्याबद्दलही सांगायला हवे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी डब्यांत कफ नसून थुंकी असे. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशी जेमतेम आणि तोंडातल्या चपट्या पेशींचा खच. अशा नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. सकाळी चूळ भरून, खोल खोकून आलेला कफ द्यावा, आणि तोही प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी.