अंदमानला एकटीने, पाठीवर बॅग घेऊन: सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंय की जानेवारीअखेर ९ दिवस मोकळे आहेत, अंदमानला एकटीनेच जायचंय, पॅकेज टूर नको, पोहायला जेमतेम येतं, तर सुरुवात कुठून करू आणि घरच्यांना काय सांगू. मी दोनदा अशी एकटी जाऊन आले आहे. पहिल्या खेपेला बऱ्याच गोष्टी चुकल्या. दुसऱ्या खेपेला त्या चुकू दिल्या नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नावांचं बघा, नाहीतर तिकीट काढताना गोंधळ उडेल. हॅवलॉक आणि नील या बेटांना २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावं आहेत, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतील, माणसांच्या तोंडी अजून जुनीच आहेत. मीही जुनीच वापरते.

आता मुख्य गोष्ट. अंदमानात तुमचा दिवस बोट ठरवते. खोली, जेवण, स्कूबा, फिरणं सगळं त्यानंतर येतं. म्हणून विमानाचं तिकीट झालं की लगेच बोटींच्या मागे लागा, खोल्या नंतर बघा. जानेवारीत गर्दी असते, एकट्या माणसाला खोली कुठेतरी मिळतेच, बोट मिळेलच असं नाही. सरकारी बोटी स्वस्त असतात, त्यांची तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात. खासगी बोटी महाग, पण लवकर आरक्षित करता येतात. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारीला थोडे जास्त. तरीही एक तरी फेरी सरकारी बोटीने करा. खासगी बोटी बहुतेक बंद काचेच्या आणि एसी असतात. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं, तोंडावर वारा येतो आणि मळमळही कमी होते. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घेऊन ठेवा, आणि पोटात काहीतरी असू द्या.

उतरल्या दिवशीच हॅवलॉक गाठायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. दुपार उलटली की बोटी संपत येतात, विमानाला उशीर झाला तर बोट गेलीच. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढा. अबर्डीन बाजाराच्या आसपास उतरलात तर सेल्युलर जेल चालत गाठता येतं. तिथे घाई करू नका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे मूळ ७ भाग होते, चाकाच्या आऱ्यांसारखे, मधल्या मनोऱ्यातून फुटलेले. आता ३ उरलेत. सावरकरांची कोठडी बघायला आपली माणसं रांग लावतात, आणि लावावीच. पण नंतर एखाद्या रिकाम्या कोठडीत जाऊन, मागच्या भिंतीतल्या उंच झरोक्याखाली पाच मिनिटं नुसतं उभं राहा. समोरच्या कोठडीचं दार कुठूनच दिसत नाही, कारण एका भागाच्या पुढ्यात दुसऱ्या भागाची पाठ येते. कैद्याला कैदी दिसू नये म्हणूनच ती रचना. मी एकटी होते म्हणून तेवढा वेळ थांबले. बरोबर कोणी असतं तर बोलत बोलत पुढे गेले असते.

घड्याळाचाही विचार बदलावा लागतो. अंदमान मुंबईच्या जवळपास २० अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच, म्हणजे सूर्य तिथे साधारण ८० मिनिटं पुढे असतो. जानेवारीत सव्वापाचच्या आसपास सूर्यास्त. पहिल्या खेपेला मी आपल्या सवयीने 'संध्याकाळी जाऊ' म्हणून पाचनंतर हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर पोचले. सूर्य बुडालेलाच होता. पंधरा-वीस मिनिटांत रंग विरले, लोक भराभर निघाले आणि त्या उंच झाडांखालच्या वाटेवर मला माझी पावलं दिसेनात. मोबाइलचा टॉर्च लावून स्टँडपर्यंत आले तेव्हा घसा कोरडा पडला होता. वाईट काही घडलं नाही, पण ते टाळता आलं असतं. राधानगर जेट्टीपासून १०-१२ किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम बाजूला आहे. साडेतीनला तिथे असा, परतीची बस किंवा रिक्षा जातानाच विचारून ठेवा. आणि रात्री नऊला झोपा. पहाटे पाचला उठून पूर्वेकडच्या काळापत्थरच्या किनाऱ्यावर गेलात तर तो जवळपास सगळा तुमचाच असेल.

९ दिवस असतील तर माझ्या मते पोर्ट ब्लेअर १ रात्र, हॅवलॉक ३, नील २, आणि उरलेल्या रात्री परत पोर्ट ब्लेअर. उत्तरेला दिगलीपूर सुंदर आहे, पण त्या रस्त्याच्या प्रवासात तुमचे दोन दिवस जातील, ते पुढच्या वेळी ठेवा. शेवटचा एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. मी पहिल्या वेळी डिसेंबरच्या सुरुवातीला गेले होते. विमानाच्या दिवशी सकाळी नीलहून निघायचं ठरवलं होतं आणि त्याच दिवशी हवा बिघडून बोटी बंद झाल्या. जेट्टीवर शे-दीडशे माणसं, कुणाकडे उत्तर नाही. विमान गेलं, नव्या तिकिटाचे पैसे खिशातून गेले. जानेवारीत समुद्र बराच शांत असतो, तरी भरवसा ठेवू नका. स्कूबा करणार असाल तर तेही आधी उरका, कारण शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास विमानात बसायचं नसतं. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यातली डुबकी करता येते. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर मात्र लपवू नका.

नीलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव तिथे अडकलाय. हे बेट सायकलवर होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली, म्हणून घरोघरी बंगाली ऐकू येते, पण हिंदीवर सगळं भागतं. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच जायचं. निघायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि पाणीही सगळ्यात लांब ओसरतं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवशी नेमकी वेळ विचारली की पुढच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो. पाणी ओसरलं की खडकांत परातीएवढी डबकी उरतात. मी एकाशेजारी उकिडवी बसले. आधी नुसती वाळू दिसली. दोन-तीन मिनिटं हलले नाही, तेव्हा एक शंख चालायला लागला, त्यात खेकडा होता. मग दगड समजत होते ती समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक समुद्री प्राणी, निघाली, आणि प्रवाळाच्या फटीतून नखाएवढा निळा मासा बाहेर येऊन परत आत गेला. तासभर गेला असेल. तिथे पायात जुने बूट घाला आणि प्रवाळावर पाय देऊ नका, ते जिवंत असतं. आठवण म्हणून तुकडाही उचलू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात.

सामान आठ-नऊ किलोंच्या वर नको. जाड टॉवेल वाळतच नाही, दोन पंचे घ्या. कपडे वाळत घालायला दोरी, फोन-पैशांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, टॉर्च, ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स आणि पुरेशी रोकड. लहान बेटांवर नेटवर्क आणि एटीएम दोन्ही रुसतात. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, त्याची खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते. खाजवलंत तर जखम चिघळते. प्रवाळाने कापलं तर गोड्या पाण्याने नीट धुवा, तीही जखम लवकर भरत नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या जिथे लावल्यात तिथे पाण्यात उतरू नका, आणि पाटी नसली तरी खाडीच्या तोंडाशी किंवा खारफुटीजवळ नको. तिथे माणसांवर हल्ले झालेले आहेत.

बाराटांगच्या गुहांची सहल तुम्हाला सगळेच सुचवतील. रस्त्याने जाताना ती जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जाते, वाहनं ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. मी गेले नाही, जाणारही नाही. त्या गाड्यांमधली बरीच माणसं गुहांसाठी नाही, खिडकीतून माणसं बघायला जातात, आणि तो रस्ता त्यांच्या घरातून जातो. तुम्ही तुमचं ठरवा, पण हे माहीत असू द्या.

एकटेपणाचं खरं सांगते. पहिल्या संध्याकाळी, अंधार लवकर पडतो तेव्हा, पोटात खड्डा पडेल. मला वाटलं होतं की आलोच कशाला. दुसऱ्या सकाळी जेट्टीवर चहा घेतानाच माणसं बोलायला लागली आणि तो खड्डा कधी भरला कळलं नाही. मुलगी म्हणून मला तिथे त्रास झाला नाही. तरी अंधारानंतर किनाऱ्यावर एकटी थांबले नाही, स्वतःच्या मनाने कुठेही तंबू ठोकला नाही, आणि कुठे चालले ते रोज मुक्कामाच्या घरी सांगून निघाले.

घरच्यांना 'रोज फोन करेन' असं वचन देऊ नका. एक दिवस नेटवर्क गेलं की ते घाबरतील. मी दुसऱ्या वेळी एका कागदावर प्रत्येक बोटीची तारीख-वेळ, प्रत्येक मुक्कामाचा नंबर, आणि 'दोन दिवस फोन नाही आला तरच इथे विचारा' असं लिहून आईकडे दिलं. तिने तो फ्रिजला लावला, आणि मी पोचले की त्या त्या बोटीपुढे पेनाने खूण करत होती.