पाळीव प्राण्यांच्या पालकांच्या बदललेल्या अपेक्षा पशुवैद्यकाने कशा सांभाळाव्यात?

प्रश्न शहरातील लहान दवाखान्याचा आहे असे धरून उत्तर देतो. पूर्वी कुत्रा घेऊन येणारा माणूस 'एक इंजेक्शन देऊन टाका' म्हणत असे; आज तोच माणूस रक्ताचा अहवाल मोबाइलवर उघडून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) का वाढले, हे विचारतो, आणि त्याला 'मालक' म्हटलेलेही फारसे रुचत नाही. या विचारण्याचा राग मानू नये. तपासणीच्या वेळेतच पाच मिनिटे समजावून सांगण्यासाठी राखून ठेवावीत.

खरा वाद बहुतेकदा उपचारावरून नव्हे, तर बिलावरून होतो. म्हणून पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, लागण झालेले पिल्लू दाखल करून घेताना सलाइन, औषधे आणि रोजच्या तपासण्या यांचा अंदाजे खर्च, मुक्काम लांबल्यास तो कितीपर्यंत जाईल आणि उपचार करूनही पिल्लू दगावू शकते, हे सारे लेखी देऊन सही घ्यावी. खर्च झेपणार नसेल तर कमी खर्चाचा मार्ग कोणता, हेही त्याच वेळी, समोरच्याला ओशाळवाणे न वाटू देता सांगावे.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून औषध मागणाऱ्यांबाबत मात्र ठाम राहावे. टाक्यांचा फोटो पाहून 'आत्ताच आणा' किंवा 'उद्या आणले तरी चालेल' एवढे सांगता येते, निदान करता येत नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, हे तर पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.