झाडीपट्टी दारात असताना मुंबईची घाई नको

प्रश्न : आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. मुलगी बारावी झाली, वय १८. सिनेमा-मालिकांत काम करायचं म्हणते. गावच्या मंडईच्या (जत्रेच्या) नाटकात दोनदा उभी राहिली, लोकांनी वाहवा केली. एक जण मालिकेत ‘पक्का रोल’ देतो म्हणतो, पण आधी पोर्टफोलिओचे (फोटोसंचाचे) ३५ हजार मागतो. धानाचा चुकारा आलाय. देऊ का?

उत्तर : भाऊ, चुकारा बँकेतच राहू द्या. कलाकार शोधणाऱ्याचा मेहनताना निर्माता देतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, आणि ऑडिशनशिवाय रोल पक्का होत नाही. फोटो लागतात, पण चार-पाच पुरे: चेहरा, पूर्ण उंची, दोन्ही बाजू, विनामेकअप. सकाळच्या उजेडात मोबाइलवर काढा. फिल्टर लावला की फोटोतली मुलगी आणि समोर आलेली मुलगी वेगळी दिसते, आणि काम तिथेच जातं.

आता खरा मुद्दा. झाडीपट्टी नाटक कंपन्यांचं गाव वडसा तुमच्यापासून जवळ. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम चालतो. कलाकाराला नाइटप्रमाणे, म्हणजे दर रात्रीच्या प्रयोगामागे, पैसे मिळतात. रात्रभर आवाज टिकवणं, तालमी कमी असूनही संवाद सांभाळणं, समोरचा चुकला तर प्रसंग ओढून नेणं, हे शहरातल्या तीन महिन्यांच्या महागड्या क्लासात मिळत नाही. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

पण झाडीपट्टीची एक सवय कॅमेऱ्यापुढे नडते. तिथे शेवटच्या रांगेसाठी आवाज फेकावा लागतो, हात मोठे हलतात. क्लोजअपमध्ये तेच भडक वाटतं. म्हणून आठवड्यातून दोनदा मोबाइल आडवा धरून, साध्या भिंतीपुढे, एक मिनिटाचा संवाद शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा रेकॉर्ड करायचा. आवाज बंद करून पाहायचा: नुसत्या डोळ्यांतून प्रसंग कळतो का? बोली सोडू नये. मात्र ‘ण’चा ‘न’ होत असेल तर रोज वीस मिनिटं पेपर मोठ्याने वाचावा. नाहीतर गावाकडच्या विनोदी बाईपलीकडे भूमिका मिळणं कठीण.

पदवी मात्र हवीच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि किमान सहा नाटकांचा अनुभव लागतो. तिथे विद्यावेतनही मिळतं. झाडीपट्टीत प्रमाणपत्र सहसा कोणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक नाटकाचं पोस्टर आणि कंपनीचं पत्र फाइलला लावा. हिवाळी परीक्षा ऐन हंगामात येते. वेळापत्रक पाहूनच तारखा द्या. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी किंवा पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट हेही मार्ग आहेत.

मुंबईला जायची वेळ येईल तेव्हा सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण हाताशी असू द्या. मालिकेत शिफ्ट १२ तासांची, आणि मानधन बहुधा ९० दिवसांनी हाती येतं. त्यातून टीडीएस (आयकर) कापला जातो, म्हणून पॅन आणि रिटर्न आधीपासून नीट ठेवा. पहिला करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा. किती वर्षं दुसरीकडे काम करता येणार नाही, ते कलम त्यातच असतं.

दिवाळीच्या दोन महिने आधी मुलीसोबत स्वतः वडशाला जा. नाइटचे पैसे, मुलींच्या मुक्कामाची जागा आणि पहाटे घरी सोडणारी गाडी, तिन्ही ठरल्याशिवाय होकार देऊ नका.