कानाच्या वरच्या कडेला टोचणं हे परदेशी फॅड आहे का?

ताई, तुमची मुलगी कानाच्या वरच्या कडेला टोचून मागतेय, घरचे म्हणतात हे परदेशी फॅड, आणि तुम्ही विचारताय की अंग टोचायची ही पद्धत मुळात आली कुठून. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली, सोनाराच्या घरची लेक. आमच्या आजोबांनी पंचक्रोशीतल्या किती लेकरांचे कान टोचले याला मोजदाद नाही, आणि हळदीच्या तेलाची वाटी धरून शेजारी बसायचं काम माझं असायचं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी थेट सांगते. ही पद्धत एका देशातून निघून बाकीच्यांकडे गेली असं दिसत नाही. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर एका माणसाचं गोठलेलं शरीर सापडलं. ओत्झी म्हणतात त्याला. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या टोचून वर ताणून मोठ्या केलेल्या. तिकडे पार अलास्कात त्लिंगित लोकांच्या मानाच्या घरातल्या बायका खालच्या ओठाला छिद्र पाडून त्यात लाकडाची खुंटी घालायच्या, आणि मान वाढेल तशी खुंटी मोठी व्हायची. या लोकांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. ज्याला त्याला आपापल्या जागी हे सुचलं.

आता आपल्याकडचं. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आपण रागे भरण्यासाठी वापरतो, पण आमच्या ओट्यावर ती शब्दशः खरी होती. सकाळची कोवळी उन्हं आली की आजोबा लेकराला मामाच्या मांडीवर बसवायचे. हातात खुळखुळा, तोंडात गुळाचा खडा. मग पाळी दोन बोटांत धरून उन्हाकडे वळवायची. उन्हात पाळी लालसर होऊन आरपार दिसते, आणि तिच्यात एक जागा असते जिथे शीर नसते. तिथे शाईचा ठिपका द्यायचा आणि टोक काढलेली सोन्याची तार एका दमात पार करायची. "काही नही व्हस बेटा, उगी राय," एवढं म्हणेपर्यंत तारेला पीळ पडलेला असायचा. मुलगा असेल तर आधी उजवा कान, मुलगी असेल तर डावा.

पुढे कॉलेजात असताना सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला कान टोचण्याचा अध्याय वाचायला मिळाला, सूत्रस्थान या भागातला सोळावा, आणि अंगावर काटा आला. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, बाळाला मांडीवर बसवून, खेळण्यांनी रमवून, डाव्या हाताने कान ओढून, उन्हात दिसणाऱ्या 'दैवकृत' छिद्राच्या जागी हळूहळू सरळ टोचावं. मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. रक्त फार आलं, फार दुखलं, तर जागा चुकली असं समजावं. मग कापसाची वात घालून दर तिसऱ्या दिवशी ती जाड करत जावी. आजोबा चौथी शिकलेले. त्यांनी सुश्रुताचं नावही ऐकलं असेल की नाही! ही विद्या हातातून हातात आली. याच अध्यायात फाटलेली, ओघळलेली पाळी जोडायचे पंधरा प्रकार दिलेत, म्हणजे जड दागिन्यांनी कान ओघळायचं दुखणंही तितकंच जुनं.

आणि हो, त्या अध्यायात कान टोचायची कारणं दोनच दिली आहेत: बाळाचं रक्षण आणि भूषण. बुद्धी वाढते, नजर सुधारते असले मेसेज मोबाईलवर फिरतात, ते सुश्रुताच्या नावावर कृपा करून खपवू नका.

आता नाकाचं ऐका, कारण इथे घरच्यांचा हिशेब उलटा पडतो. जळगावहून अजिंठा तासा-दीड तासाचा रस्ता. पुढच्या वेळी जाल तेव्हा चित्रांतल्या बायकांचे कान बघा आणि मग नाक बघा. कानात डूल, कुंडलं, काय काय आहे, नाक मात्र मोकळं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या राण्या-दासींना नथ माहीत नव्हती. भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीचा जुना पुरावा शोधायला किती ग्रंथ पालथे घातले, तरी इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपासच्या मागे काही जाता येईना. पश्चिम आशियात मात्र ती त्याच्याही कितीतरी आधीची. बायबलच्या पहिल्याच भागात रिबेकाच्या नाकात सोन्याची नथ घातल्याचा उल्लेख आहे. म्हणजे जी नथ आपण अगदी आपली म्हणून मिरवतो तीच त्यामानाने नवी, आणि मी ती लग्नात घातली, लेकीलाही घालेन.

अजिंठ्यातच बुद्धाचे कानही बघा. पाळ्या लांब, लोंबत्या आणि रिकाम्या. राजपुत्र असताना जड कुंडलं घालून ओघळलेले ते कान, आणि घर सोडताना कुंडलं उतरवून ठेवलेली, असा त्याचा अर्थ लावतात. त्या रिकाम्या पाळ्यांसमोर मी दरवेळी थांबते.

आपल्या खान्देशात तर या टोचण्याने माणसांना नावं दिलीत. गावोगाव नथू आहेत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे झालेल्या मुलाचं नाक टोचायचे, मुलगी आहे असं भासवून त्याला नजरेआड करायचं, आणि त्या नाकावरून तो नथू. भिका, दगडू, उखर्डू ही नावंही त्याच काळजीतून आलेली. भीक मागून आणलेल्या पैशांची बाळी करून मुलाच्या कानात घालायची ती भिकबाळी, असं आमच्याकडे सांगतात. आज ती पेशवाई थाट म्हणून घालतात, पण तिच्यामागे एखाद्या आईची रडून लाल झालेली रात्र होती हे मला विसरता येत नाही. पुरुषांनी कानात घालणं सायबांनाही नवं नव्हतं बरं का. इंग्लंडच्या सर वॉल्टर रॅलेचं १५८८ सालचं चित्र आहे, त्यात त्याच्या कानात मोती आहेत.

टोचण्यामागे सगळीकडे हौसच होती असंही नाही. कानफाटे नाथजोगी दीक्षेत कानाची कुर्चा, म्हणजे पाळीच्या वरचं मऊ हाड, चिरून कुंडलं घालतात. मेक्सिकोतल्या याश्चिलान इथल्या माया लोकांच्या एका शिल्पात राणी आपल्या जिभेतून काटेरी दोरी ओढताना दाखवली आहे. देवाला रक्त द्यायचा तो विधी, साल इसवी सन ७०९. ते शिल्प आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इंटरनेटवर मुलगी वाचेल की रोमन सैनिक झगा अडकवायला छातीत कड्या घालायचे. ते खोटं आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत डग मॅलॉय या टोपणनावाने एकाने पुस्तिका लिहिली, तिच्यातून अशा बनावट कथा पसरल्या. त्याच सुमारास, १९७५ साली, जिम वॉर्डने लॉस एंजेलिसमध्ये 'गाँटलेट' नावाने या कामाचा धंदा सुरू केला, आणि आजचा पियर्सिंगचा बाजार तिथून वाढला. घरचे जे फॅड म्हणतात ते खरं तर एवढंच, पन्नास वर्षांचं.

पण मुलगी मागतेय ती जागा? तिला दुकानात हेलिक्स म्हणतात. तुमच्या आजेसासूबाई तिथे बुगडी घालत असतील, जुना फोटो काढून बघा.

तेव्हा टोचू द्या, फक्त जागा कुर्चेची आहे हे ध्यानात ठेवा. पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, कुर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं. माझ्या भाचीने एका मॉलमध्ये बंदुकीने वरचा कान टोचून घेतला आणि तो पिकून महिनाभर औषधं घ्यावी लागली. बंदूक कुर्चा ठेचते. नवी निर्जंतुक सुई वापरणाऱ्याकडेच जा, निकेल असलेला स्वस्त दागिना नको, निकेल नसलेलं सोनं किंवा टायटॅनियम घ्या. कान लाल होऊन ठणकायला लागला तर घरी हळद लावत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि पहिले काही महिने रात्री तिला वेणी घालून झोपायला सांगा, मोकळे केस कडीत अडकले की ताजं भोक फार दुखतं.