बेळगाव भागातली देवळं कोणत्या क्रमाने करावीत? माझं उत्तर: नदीच्या क्रमाने

पुण्याहून गाडीने येणार, सोबत सत्तरीचे आई-वडील, हातात चार दिवस आणि यादीत चौदा देवळं. वर प्रत्येकाची कथाही हवी, कारण "आई वाटेत विचारते". तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा त्या आईंचंच कौतुक वाटलं. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता बेळगावात असतो. माझं ऐकाल तर ती यादी बाजूला ठेवा आणि मलप्रभा धरा. या भागातली सगळ्यात मोठी कथा रेणुकेची, आणि ती या नदीच्या काठाकाठानेच घडते.

पहिला दिवस कणकुंबी. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट सुरू व्हायच्या आधी हे गाव लागतं. मलप्रभा इथे उगम पावते. माऊलीचं देऊळ आहे, पाण्याचं कुंड आहे, गर्दी नसते. परतताना जांबोटीजवळ हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुती आहे. पावसाळ्यात हे देऊळ पाण्याखाली जातं, आणि ते बुडल्याची बातमी आमच्याकडे दरवर्षी पाऊस चांगला लागल्याची खूण म्हणून वाचली जाते. वेळ उरला तर खानापूरशेजारी असोग्याला रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, तेही नदीकाठी. तुमच्या यादीतला कपिलेश्वर बेळगाव शहरातच आहे, त्याला दक्षिण काशी म्हणतात. तिथे संध्याकाळी पायी जाऊन या, त्यासाठी वेगळा दिवस नको.

हलशी नदीवर नाही, तरी सोडू नका. नंदगडच्या बाजूचं हे आज खेडंच दिसतं, पण कदंब राजांच्या काळी 'पलाशिका' म्हणून त्यांची दुसरी राजधानी होती. इथलं भूवराह नरसिंह देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्याची गंमत अशी की आत दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात बसलेला विष्णू, दुसऱ्यात पृथ्वीला वर काढणारा वराह. मधे उभं राहिलं की कोणत्याही एका देवाकडे पाठ होते. माझे वडील तिथे तिरके उभे राहून दोघांना एकदम नमस्कार करायचे. पुढे बघितलं तर बरेच जण तसंच करतात.

आता सौंदत्ती, म्हणजे रेणुकेचा डोंगर. इथे तिलाच यल्लम्मा म्हणतात. याला एक अख्खा दिवस द्या.

कथेचा गाभा तुमच्या आईंना ठाऊक असेल. जमदग्नींची बायको रेणुका रोज मलप्रभेवर जायची, वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायची आणि पाणी आणायची. हे सगळं तिच्या पातिव्रत्याच्या बळावर. एक दिवस नदीत बायकांसोबत खेळणारा गंधर्व दिसला, क्षणभर मन ढळलं आणि घडा काही जमेना. ऋषी भडकले. मुलांना म्हणाले, आईचं डोकं उडवा. चौघांनी नकार दिला, परशुरामाने परशू उचलला. मग बापाने वर मागायला सांगितल्यावर त्याने आईलाच परत मागितलं.

पुस्तकातली कथा इथपर्यंत. डोंगरावर गेलात की जास्तीची कळते. नवऱ्याच्या शापाने रेणुकेच्या अंगावर कोड उठलं, ती रानोमाळ हिंडली, एकय्या आणि जोगय्या या दोन साधूंनी तिला आसरा दिला आणि कुंडात आंघोळ करून ती बरी झाली. ते कुंड म्हणजे जोगनभावी. म्हणून रीत अशी की आधी खाली जोगनभावीला आंघोळ, निदान हातपाय धुणं, आणि मग वर यल्लम्मा. डोंगरावरच परशुराम आणि जमदग्नी यांचीही देवळं आहेत. माझ्या आज्जीने जमदग्नीपुढे कधी हात जोडले नाहीत. "त्येच्या रागापायी तर सगळं झालं," म्हणायची, आणि भंडारा परशुरामाला लावून पुढे निघायची.

कन्नडमध्ये 'एल्लर अम्मा' म्हणजे सगळ्यांची आई, त्यावरून यल्लम्मा, असं लोक सांगतात. नाव कन्नड असलं तरी मार्गशीर्षात कोल्हापूर भागातून एस्ट्या भरभरून इकडे येतात. त्या पौर्णिमेला आमच्याकडे रांडाव पुनव म्हणतात. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं, देवी विधवा झाली, म्हणून त्या दिवशी बांगड्या फोडतात. माघातल्या पौर्णिमेला ती पुन्हा सवाष्ण होते, ती अहेव पुनव. कन्नड लोक तिला भारत हुण्णिमे म्हणतात. एकदा त्या दिवशी मी शहाणपणा करून गाडी घेऊन गेलो. देवीच्या दर्शनापेक्षा पुढच्या ट्रॅक्टरच्या मागच्या फळीचं दर्शन जास्त झालं. आई-वडिलांना घेऊन जाताना दोन्ही पौर्णिमा टाळा. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते. एरवी गाडी थेट डोंगरावर जाते, फार चालावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र भक्तीच्या नादात झाकू नये. याच देवीच्या नावाने पिढ्यानपिढ्या गरिबांच्या, बहुतेक दलितांच्या, मुली देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने 1982 साली त्याविरुद्ध कायदा केला. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेल्या जोगतिणी, चौंडकं वाजवणारे, साडी नेसलेले जोगाप्पा तुम्हाला दिसतील. परडीत जोगवा घाला, आदराने बोला, पण न विचारता मोबाईल पुढे करू नका. ती माणसं देखावा म्हणून तिथे बसलेली नसतात.

रेणुकेच्या कथेचं शेवटचं टोक बेळगाव जिल्ह्यात नाही, बागलकोट जिल्ह्यात ऐहोळेला आहे. तिथे परशुरामाने रक्ताचा परशू मलप्रभेत धुतला आणि पाणी लाल झालं. ते बघून एक बाई "अय्यो, होळे!" असं ओरडली. होळे म्हणजे नदी, आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, असं सांगतात. चालुक्यांची देवळं बघायची हौस असेल तर सौंदत्तीहून पुढे शंभरच्या वर किलोमीटर जा. मेगुती देवळावर 634 सालचा चालुक्य राजा पुलकेशीचा शिलालेख आहे. पण चार दिवसांत, वयस्कर माणसांबरोबर, मी हे पुढच्या खेपेला ठेवीन. तुमच्या यादीतलं गोकाकही त्यातच गेलं. पावसाळा नसेल तर धबधब्याच्या नावाने नुसता खडकच बघाल. तिथली मिठाई, करदंट, बेळगावातही मिळते.

त्याऐवजी चौथ्या दिवशी, पुण्याला परतताना, कृष्णेकाठ धरा. चिक्कोडी तालुक्यातलं यडूर आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर. एक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात, कथा मात्र एकच. दक्षाच्या यज्ञात सतीने स्वतःला जाळून घेतलं, महादेव कोपला, म्हणून खिद्रापूरचा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर म्हणून गाभाऱ्यात शेजारीच आहे. बाहेरच्या स्वर्गमंडपाला छत नाही, वर गोल आकाश. खांब 48 आहेत, सावकाश मोजा.

एवढं सगळं असून तिथे नंदी नाही. सती माहेरी नंदीवर बसून गेली, तो परत आलाच नाही, असं सांगतात. तो नंदी आहे यडूरला. तिथेच वीरभद्राचं मोठं देऊळ आहे, दक्षाचा यज्ञ ज्याने मोडला तोच हा वीरभद्र. नारळ फोडायला रांग लागते. आज्जी यडूरला नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटायची. काय सांगितलंस म्हणून विचारलं की म्हणायची, "तुला सांगून काय उपेग? मालक पल्याड ऱ्हातोय."

तुम्ही आधी यडूर करा, मग खिद्रापूर, म्हणजे रस्ता पुण्याच्या दिशेने पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करा. पाणी चढलं की बंधाऱ्यांवरचे रस्ते बंद होतात आणि मोठा वळसा पडतो. हब्बनहट्टीच्या मारुतीलाही त्या दिवसांत लांबूनच नमस्कार करावा लागेल.