करंटचा पट्टा घेऊ का?

प्रश्न : माझा दीड वर्षाचा कारवानी कुत्रा ससा दिसला की सुटतो, हाक ऐकत नाही. करंट देणारा रिमोटचा पट्टा घेऊ का? (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : नको. कारवानी नजरेवर धावतो. एकदा पळाला की त्याला दुसरं काही सुचत नाही. त्या क्षणी झटका बसला, तर तो सशाचाच संबंध लावेल असं नाही. समोर शेजाऱ्याची मेंढी किंवा पोर असेल, तर राग त्यांच्यावर निघायचा. शिवाय या कुत्र्याची कातडी पातळ, केस आखूड. पट्ट्याचे दोन खिळे तासन्‌तास एकाच जागी टोचले की जखम होते. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत.

दहा-बारा मीटरची सुती दोरी घ्या, पण ती छातीच्या पट्ट्याला बांधा. गळ्याला बांधली आणि तो वेगात सुटला, तर मान दुखावेल. ससा नसताना हाक मारा, आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. ज्वारी काढलेलं मोकळं रान दिसलं तरी महिनाभर दोरी सोडू नका.

आणि ससा धरायलाच शिकवत असाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. मग पट्टा कुठलाही असो, मला विचारू नका.