नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरची तारीख का बदलते?

कारण ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. २०२४ मध्ये २५ मार्चला धुळवड झाली आणि लगेच ३१ मार्चला ईस्टर! मात्र ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, आकाशातल्या पौर्णिमेशी कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

ईस्टर सरकला की बाकीचे दिवसही सरकतात. ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, तिथून उपवासकाळ सुरू. त्या दिवशी कपाळावर लावायची राख बहुधा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. गुड फ्रायडे अर्थातच ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी.